नऊ मार्चची टक्

माझ्या मावशीसमोर जेवायला बसणं ही तोंडी परीक्षा असते. जेवण कसं झालंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही घास चावताना मचमच करता का, खुर्ची सरकवताना फरशी करकरते का, पाणी गटागटा घशाखाली जातं का, इकडे तिचे कान असतात. काही खटकलं तर ती तोंडाने बोलत नाही. उजव्या हाताची तर्जनी उचलते आणि टेबलावर वाजवते. एकदाच. मग तुम्ही कितीही मोठे साहेब असा, घास हातातच राहतो.

हे बोट तिला नोकरीने दिलं. ती तरुणपणी गाण्याच्या तबकड्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे यंत्रात साचा चढवायचा, त्यात गरम लगदा दाबायचा आणि तबकडी बाहेर काढायची. एका साच्यातून शेकड्यांनी तबकड्या निघायच्या. एवढ्या सगळ्या ऐकत बसणार कोण? म्हणून नवा साचा चढला की पहिल्या निघालेल्यांतली एक तबकडी ऐकण्याच्या खोलीत यायची. तिथे कानाला हेडफोन लावून मुली ओळीने बसलेल्या असत. साऱ्या कारखान्यात त्यांना 'कानवाल्या' म्हणत. माझी मावशी त्यातली सगळ्यात तिखट कानवाली.

कानवालीने गाणं ऐकायचं नसतं, ही त्या खोलीची पहिली अट. तिने खोट ऐकायची. कुठे खरखर, कुठे फट्, कुठे टक्. ऐकू आली की टेबलावर बोट वाजवायचं, की सुपरवायझर धावत येऊन साचा उतरवायला लावायचा. बोट वाजलं नाही तर सगळा लॉट पास. "गाणं आवडायला लागलं की मुलगी कामातून गेली," असं तो सुपरवायझर म्हणायचा म्हणे. त्यामुळे जी गाणी ऐकून अख्ख्या देशाने रुमाल भिजवले, त्यांच्याबद्दल मावशीचं मत एका ओळीत संपतं. "चांगलं होतं. दुसऱ्या कडव्यात खरखर होती." फारच खूश असली तर, "स्वच्छ होतं."

मावशीने लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, आणि तिच्याहून बरीच धाकटी असलेली माझी आई तिनेच वाढवली, शिकवली, उजवली. लग्नाचं कुणी विचारलं की आई हसून उडवून लावायची. "आमच्या ताईला कुणाचा आवाजच पटला नाही." घरातला हा जुना, पाठ झालेला विनोद. त्याच्यावर हसायचं असतं हे मला बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं.

आता रेडिओ. रोज सकाळी बातम्यांच्या आधी 'आजची तारीख' नावाचा कार्यक्रम लागतो. आजच्याच तारखेला अमुक साली कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं, कोणता वादक जन्माला आला, कोणत्या गायिकेचं कोणत्या संगीतकाराशी बिनसलं, हे सगळं निवेदक सांगतो. मध्ये मध्ये गाणीही लावतो, पण आपल्या बोलण्यात त्यांचा अडथळा होणार नाही इतपतच. मावशीने त्याचं नाव बडबड्या ठेवलंय. एरवी ती त्याला ऐकत कपड्यांच्या घड्या घालते, डबे पुसते. नऊ मार्चला मात्र हातातलं सगळं खाली ठेवते, इस्त्रीची साडी नेसते आणि रेडिओसमोर येऊन बसते. पाहुणे यायचे असावेत तशी.

कारण नऊ मार्चला दिव्याचं गाणं लागतं. खिडकीत दिवा ठेवून वाट बघत बसलेल्या बाईचं ते गाणं. तुम्हीही ऐकलं असेल. बँडवाल्यांनी त्याची बरीच वाट लावली आहे. बडबड्या दरवर्षी तेच सांगतो, की आजच्याच तारखेला हे गाणं आपल्या केंद्रावरून पहिल्यांदा वाजलं आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या तबकड्यांच्या दुकानांवर झुंबड उडाली. मग गाणं सुरू होतं. तीन कडवी होतात. बाई गायची थांबते. आणि नेमका तिथेच आवाज बुडायला लागतो, बडबड्या येतो, "आणि आता ऐकू या बातम्या," पीप्, पीप्, पीप्.

"मेला!" मावशी म्हणते आणि उठते.

हे इतक्या नेमाने व्हायचं, की लहानपणी मला 'मेला' हा त्या गाण्याचा शेवटचा शब्द वाटायचा. एकदा शाळेत मी तसं म्हणूनही दाखवलं होतं.

गेल्या वर्षी मला राहवलं नाही. 'मेला' म्हणून ती उठली तसं मी तिला परत बसवलं. खिशातून फोन काढला, माझे चांगल्यातले हेडफोन तिच्या कानांवर चढवले. "हे घे. पूर्ण आहे. अगदी शेवटपर्यंत."

तिने डोळे मिटले. बोट टेबलावर तयार. सवयच ती. तीन कडवी झाली, पुढेही गाणं चालू होतं. कानाबाहेर झिरपणाऱ्या आवाजात मला क्लॅरिनेट ऐकू येत होतं. कुणीतरी घर सोडताना मागे वळून बघावं तसा तो छोटासा तुकडा होता. मावशीचा चेहरा हलला नाही. गाणं संपलं, तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"धुतलंय."

"काय धुतलंय?"

"गाणं. स्वच्छ धुऊन, नीळ देऊन वाळत घातलंय. श्वास कुठाय त्याचा?"

"कुणाचा श्वास?"

आत भांडी लावत असलेली माझी आई दारात आली. हातात ओलं पातेलं तसंच. "ताई," ती म्हणाली, "आता तरी सांग. माझ्यापायी राहिलं ते, पण मलासुद्धा तू कधी धड सांगितलं नाहीस."

"तुझ्यापायी काही राहिलं नाही. पातेलं गळतंय, फरशी ओली होतेय," मावशी म्हणाली. पण सांगितलं.

नव्या गाण्याची चाचणी तबकडी निघाली की वादकमंडळी ती ऐकायला कारखान्यात येत. मोठ्या कर्ण्यासमोर सगळे कोंडाळं करून उभे राहत. दिव्याच्या गाण्याच्या वेळी त्यातला क्लॅरिनेटवाला मात्र मागे मागे राहिला. लांबलचक, वाकून चालणारा माणूस. तो मावशीच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुमच्याकडे दुसरा हेडफोन आहे का? मला त्या सगळ्यांबरोबर ऐकायची लाज वाटते."

"का? वाईट वाजवलंय?"

"वाजवलंय बरं. पण शेवटच्या तुकड्याआधी श्वास फार मोठ्याने घेतला. संगीतकार ओरडलेत. तो ऐकू येतो का, तेवढं सांगा. तुमचे कान तिखट आहेत म्हणे."

एका यंत्राला दोन हेडफोन लागायचे. दोघांनी मिळून ऐकलं.

"येतो ऐकू," मावशी म्हणाली.

"मग आता?"

"आता काय? ही काही खोट नाही. माणूस आहे म्हणून श्वास आहे. राहू दे."

त्यानंतर तो श्वास ऐकायला बराच वेळा आला. कारखान्याच्या फाटकापाशी थांबायला लागला, तिच्याबरोबर चालत घराच्या वळणापर्यंत यायला लागला. तिथून पुढे नाही, कारण पुढे शेजारपाजार होता आणि दप्तर घेऊन वाट बघत बसलेली माझी आई होती. मग त्याला परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवरच्या वाद्यवृंदात काम मिळालं. "चल," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "धाकटीची शाळा आहे."

"एवढंच?" मी विचारलं.

"अजून काय म्हणायला हवं होतं?"

त्याला नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी दिव्याच्या गाण्याचा नवा साचा चढला आणि त्याची पहिली तबकडी तिच्या टेबलावर आली. तिने हेडफोन लावले. तिसरं कडवं संपलं, श्वास आला, क्लॅरिनेट सुरू झालं. मावशी ऐकत बसली. आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकत बसली. बोट वाजलं नाही. लॉट पास झाला. त्यातली एक तबकडी तिने कारखान्याच्या खिडकीवर विकत घेतली आणि तो निघताना त्याच्या हातात दिली. बोटीवर ग्रामोफोन कुठला असायला? पण त्याने नेली. एक तबकडी रेडिओ केंद्राकडे गेली.

तो गेल्यानंतर आठवड्याभरात नऊ मार्च आला. केंद्रावरून गाणं पहिल्यांदा लागणार म्हणून कारखान्यात कर्ण्याला रेडिओ जोडला होता. सगळे हातचं काम सोडून उभे. गाणं झालं, श्वास झाला, क्लॅरिनेट लागलं, आणि त्याच्या ऐन मध्यावर, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी, टक्!

साच्यावर ओरखडा होता.

"सुपरवायझरने फक्त माझ्याकडे बघितलं," मावशी म्हणाली. "बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं." दुकानांत जायच्या आधीच सगळा लॉट परत आला. मधलं लेबल गोल कापून काढायचं आणि उरलेली तबकडी पुन्हा लगद्यात टाकायची, असा रिवाज. मावशीने स्वतःच्या हातांनी ती लेबलं कापली. तेव्हापासून कारखाना बंद पडेपर्यंत ती पाकिटं भरायच्या विभागात होती. कानवालीचं काम तिला पुन्हा मिळालं नाही.

"म्हणजे तशा दोनच तबकड्या उरल्या," मी म्हणालो. "एक रेडिओकडे आणि एक..."

"एक पाण्यावर."

"पत्रबित्र काही?"

"वाजवणाऱ्यांचं अक्षर वाईट असतं," मावशी म्हणाली आणि आईच्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागली.

तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं ती दर नऊ मार्चला कशासाठी सजून बसते. गाणं तिला कुठेही मिळालं असतं. तिला त्याच साच्यातली, त्याच्याकडे आहे तीच तबकडी एकदा शेवटपर्यंत ऐकायची होती. आणि दरवर्षी बडबड्या आणि त्याच्या बातम्या आड येत होत्या. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

बारावीनंतर मी थंडीच्या धंद्यात पडलो. म्हणजे एसी दुरुस्त करतो. लोक उन्हाळ्यात मला देव मानतात आणि हिवाळ्यात ओळख दाखवत नाहीत. या फेब्रुवारीत दुकानात तक्रार आली, रेडिओ केंद्राच्या तबकड्यांच्या खोलीत एसी गळतोय. मालकाने दुसऱ्याचं नाव घ्यायच्या आत मी शिडी खांद्यावर टाकली होती.

बडबड्या प्रत्यक्षात बुटका निघाला. गळ्यात मफलर, तोंडात खोकल्याची गोळी, आणि गोळी गालात सरकवून अखंड बोलणं.

"अहो मेकॅनिक, उगाच घाम गाळताय. पुढच्या महिन्यात या सगळ्या तबकड्या गोदामात जाणार. इथे कॉम्प्युटर येणार. गाणी आता त्यातूनच लागणार."

"मग एसी लागेलच की साहेब. कॉम्प्युटरला माणसापेक्षा जास्त उकडतं."

तो हसला. माणूस तसा वाईट नव्हता. मी शिडीवरूनच विचारलं, "नऊ मार्चला दिव्याचं गाणं लावता, तेही कॉम्प्युटरवरून?"

"यंदाचं शेवटचं इथून. हीच ती प्रत." त्याने फडताळावरच्या एका पाकिटावरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी वाजलेली."

"मग दरवर्षी शेवट का कापता? थोडं कमी बोललात तर बातम्यांच्या आधी बसेल की सगळं."

त्याने गोळी कडकन चावली. "बातम्यांचा काय संबंध? माझा कार्यक्रम काट्यावर बांधलेला असतो! आवाज मी मुद्दाम उतरवतो. शेवटी टक् आहे त्यात. क्लॅरिनेटच्या बरोब्बर मध्ये. मला माझ्या आधीच्या निवेदकांनी बजावलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तिसरं कडवं संपलं की उतरवायचं. कारखान्यातल्या कुणा झोपाळू बाईने पास केलेली दिसतेय."

"झोपलेली नव्हती ती."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझी मावशी आहे."

मी शिडीवरून उतरलो आणि पाना हातात धरूनच त्याला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो गप्प राहिला. त्या केंद्राच्या इतिहासात एवढी शांतता बहुधा पहिल्यांदाच पसरली असेल. एसीचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढाच आवाज.

"सदोष भाग प्रसारित करायचा नाही, असा नियम आहे," शेवटी तो म्हणाला.

"नियम तबकड्यांचा ना? त्या तर गोदामात चालल्या."

"विचार करतो."

"विचार तुम्ही गप्प राहून करता, की बोलून?"

"मेकॅनिक, फाजीलपणा नको. एसी बघा."

घरी येऊन मावशीला सांगितलं. वाटलं होतं, तिला आनंद होईल. ती बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे मीच होय," ती म्हणाली. "माझीच टक् आड येत होती, आणि मी त्या बिचाऱ्याला मेला म्हणत होते."

"यंदा तो पूर्ण लावेल, मावशी. बहुतेक."

"का लावेल? बरोबरच करतोय तो. खोट असलेली तबकडी लोकांना ऐकवायची नसते. मी त्याच्या जागी असते तर मीही उतरवली असती."

"पण तुला ऐकायचीय ना?"

"मला काय हवंय त्याचा इथे काय संबंध? कामात तसं नसतं. परत जाऊन त्याची मनधरणी करायची नाही, सांगून ठेवते."

"सांगून आलोय मी आधीच."

बोट वाजलं. 

नऊ मार्चला मी दुकानात सांगितलं, मावशीला बरं नाही. मावशी इस्त्रीची साडी नेसून ठणठणीत बसली होती. यंदा मी नाही ऐकणार, असं ती आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती. आईने साडी काढून पलंगावर ठेवली, तेव्हा मात्र नेसली. आई तिच्या शेजारी, मी दाराच्या चौकटीला टेकून उभा. बडबड्या सुरू झाला.

"श्रोतेहो, आज मी फार बोलणार नाही," तो म्हणाला, आणि आपण आज फार का बोलणार नाही यावर बोलायला लागला. पहिल्या दिवशीची तबकडी, दुकानांवरची झुंबड, तबकड्यांचं गोदाम, कॉम्प्युटर. तबकड्यांच्या खोलीतला एसीसुद्धा आला. भिंतीवरचं घड्याळ बघून मला घाम फुटला.

"थांब ना रे बाबा," आई रेडिओला म्हणाली.

"बोलू दे," मावशी म्हणाली. "त्याचीही आज ही शेवटची तबकडी आहे."

मग एका वाक्याच्या मध्येच तो थांबला. सुई टेकल्याची बारीक खरखर आली. गाणं लागलं.

पहिलं कडवं. दिवा लावला. दुसरं कडवं. वाट अंधारली. मावशीचा उजवा हात टेबलावर होता, तर्जनी थोडी वर, जशी तिची कायम असते. तिसरं कडवं. बाईने शेवटची ओळ दोनदा म्हटली आणि ती थांबली. आईने माझ्याकडे बघितलं. दरवर्षी इथेच आवाज बुडायचा.

बुडाला नाही.

श्वास आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठा, ओढून घेतलेला, जवळून. दारात उभ्या राहिलेल्या माणसाने काहीतरी विचारायच्या आधी घ्यावा तसा. संगीतकार ओरडला ते बरोबरच होतं. मावशीची मान किंचित त्या बाजूला कलली, जसं कुणी कानाशी बोलायला वाकलं की आपण कान पुढे करतो. मग क्लॅरिनेट सुरू झालं.

आणि त्याच्या मध्यावर, टक्.

नखाने कुणी दार वाजवावं इतकी स्पष्ट. आई दचकली. मी मावशीच्या बोटाकडे बघितलं. बोट होतं तिथेच होतं. वर, हवेत, निवांत. माझ्या चमच्याच्या आवाजावर वाजणारं, कुकरच्या सैल झाकणावर वाजणारं, वरच्या मजल्यावर पडलेल्या पेन्सिलीवर वाजणारं ते बोट हललं नाही.

क्लॅरिनेट संपलं. सुई रिकाम्या रेघेत फिरत राहिली, खर्र, खर्र. बडबड्या तेवढा वेळ काही म्हणजे काही बोलला नाही. मग पीप्, पीप् सुरू झालं तसा मावशीने हात लांब करून रेडिओ बंद केला. बातम्या तिने आजवर कधी चुकवल्या नव्हत्या.

तिने पदराने डोळे पुसले, मग जरा विचारात पडून म्हणाली,

"टक् काढली वाटतं रे त्यांनी. कशी काढली कोण जाणे. पण श्वास ठेवला, ते बरं केलं."

आईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

मी टेबलावर बोट वाजवलं. एकदाच.